मतदानाचा निळा दुपट्टा

निवडणुकीच्या कामाचं ट्रेनिंग तीन तासांचं होतं आणि त्यातली पंधरा मिनिटं नुसती कपड्यांवर गेली. मतदान केंद्रात काम करणाऱ्यांनी लाल घालायचा नाही, निळा नाही, नारिंगी नाही, हिरवाही नाही. इथे कॅनडात प्रत्येक पक्षाने एकेक रंग धरून ठेवला आहे. मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं, "मग उरलं काय?" शिकवणारी बाई म्हणाली, "करडा."

घरी येऊन मी कपाट उघडलं. तीन करडे स्वेटर, दोन काळे, आणि एक असा की त्याला रंग म्हणणं धाडसाचं होईल. बुजऱ्या माणसाला निःपक्षपाती व्हायला काही विकत आणावं लागत नाही.

या कामाला मी आपण होऊन गेले नव्हते. मी टोरांटोत इतिहासात एम.ए. करते आहे आणि आमचा एक सेमिनार अमेरिकेतले कपडे आणि राजकारण यावर आहे. विषय ऐकायला हलका वाटतो, पण वाचायला लागलं की सुटत नाही. इंग्रजांचं कापड नको म्हणून तिथल्या बायका घरी सूत कातायला बसल्या होत्या. मताचा हक्क मागणाऱ्या बायका पांढऱ्या पोशाखात मोर्चे काढायच्या. काळ्या विद्यार्थ्यांना ज्या हॉटेलात कुणी वाढत नव्हतं, तिथे ते चर्चला जायचे इस्त्रीचे कपडे घालून काउंटरवर जाऊन बसले. प्रोफेसरबाई म्हणाल्या, "एवढं वाचताय, तर एकदा मतदान केंद्रात बसून माणसं काय घालून येतात ते बघा." वर्गात बारा जण होते. फॉर्म मी एकटीने भरला, कारण नाही म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं.

माझ्या पेपरचा विषय मी रेनकोट ठरवला होता. गुलामगिरीवरून अमेरिकेत भांडण पेटलं होतं त्या काळात काही दुकानांतली पोरं मशाली घेऊन एका पुढाऱ्याच्या मिरवणुकीत निघाली. मशालीचं तेल अंगावर गळतं म्हणून त्यांनी दुकानातलंच चकचकीत मेणकापड खांद्यावर पांघरलं. ते इतकं रुबाबदार दिसलं की गावोगावच्या पोरांनी तसंच शिवून घेतलं आणि बघता बघता तो गणवेश झाला. तेलाच्या डागांच्या भीतीतून निघालेला गणवेश. हाच विषय का, असं प्रोफेसरबाईंनी विचारलं तेव्हा मी "गमतीदार आहे" म्हणाले. ते खरंच होतं, पण त्याचा माझ्याशी काडीचाही संबंध नव्हता, हे त्याहून खरं होतं.

माझ्याशी संबंध असलेल्या गोष्टी मी सहसा बाहेर नेत नाही. आम्ही नागपूरचे बौद्ध. मी सहा वर्षांची असताना इकडे आलो. युनिव्हर्सिटीत भारतातून आलेली मुलं आधी आडनाव विचारतात, मग गाव, मग वडिलांचं गाव, आणि मला कळतं की हे कुठे चाललंय. मी तिन्ही प्रश्नांना 'ब्रॅम्पटन' असं टोरांटोशेजारच्या आमच्या गावाचं नाव सांगते. शाळा पहिलीपासून इंग्रजी, त्यामुळे उच्चारही काही सांगत नाही. मराठी लिहायला-वाचायला आईने शिकवलं, दर रविवारी, जेवणाच्या टेबलावर, मी तोंड वाकडं करत असताना.

ही सगळी हकिकत त्या आईच्या मताची आहे. बाबा आणि मी केव्हाच कॅनडाचे नागरिक झालो. आई झाली नाही. इथलं नागरिकत्व घेतलं की तिकडचं जातं, आणि तिकडचं गेलं की मतदार यादीतलं नाव जातं, हे तिला सोसत नव्हतं. तिकडे जाऊन मत देणं कधी जमलं नाही, इथे देता येत नव्हतं. अशी अठरा वर्षं ती कुठल्याच देशाच्या मतपेटीजवळ गेली नाही. मागच्या वर्षी ती एकदम म्हणाली, "बस झालं. मत न देता मरायचं नाही मले." शपथ घेतली, सर्टिफिकेट कपाटात ठेवलं, आणि निवडणूक जाहीर झाल्यापासून तिची साडी हँगरला लावून ठेवलेली होती.

आई नागपुरात ऑर्डनन्स फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये वाढली. तिथे मतदानाच्या दिवशी सणासारख्या आंघोळी व्हायच्या. बायका इस्त्रीची पांढरी साडी नेसायच्या. आधी मत, मग चहा. चहाची तल्लफ आलेले पुरुष रांगेत पहिले असायचे म्हणे.

"आई, लोक इथे ट्रॅक पँटवर जातात," मी सांगून पाहिलं.

"मतदान म्हणजे काय ग्रोसरी आहे काय?"

मग मी तिला एकच अट घातली. मी ड्युटीवर असेन, मला निःपक्षपाती राहायचंय, तेव्हा तिथे माझ्याशी बोलू नकोस, ओळखही दाखवू नकोस. नियमांत असं काही नव्हतं. आई म्हणाली, "बरं."

आगाऊ मतदान ईस्टरच्या शनिवार-रविवारला धरून आलं. आमचं केंद्र कम्युनिटी सेंटरच्या बास्केटबॉलच्या हॉलमध्ये होतं. माझ्या टेबलावर दुसरी बाई वसईची होती, कॅथलिक, साठीची, मराठी बोलणारी. मी तिला आंटी म्हणायला लागले आणि ती मला बाय. ती ओळखपत्र बघून यादीत नाव शोधायची, मी मतपत्रिका घडी घालून द्यायचे. मधल्या वेळात ती मला सुनेच्या तक्रारी सांगायची. ईस्टरचा केक सुनेने दुकानातून ऑर्डर केला होता आणि आंटीच्या मते येशू उठला नसता तरी चाललं असतं, पण हे नको होतं.

आमची सुपरवायझर निवृत्त मुख्याध्यापिका होती, लहानपणी जमैकाहून आलेली. गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, आणि मागे हात बांधून चालण्याची सवय. हॉलमध्ये तिची पावलं वाजली की मोठी माणसंही रांग सरळ करायची.

अकराच्या सुमाराला आई आली, इथल्या बौद्ध असोसिएशनमधल्या दोन मैत्रिणींना घेऊन. तिघी पांढऱ्याशुभ्र साड्यांत, वर हिवाळी जॅकेट, आणि जॅकेटवर सगळ्यांना दिसेल असा निळा दुपट्टा, त्यावर पांढरं चक्र. एप्रिलमधल्या जयंतीला सगळे घेतात तोच. साडीचं मला माहीत होतं. दुपट्ट्याचा विचार मी केलाच नव्हता. आमच्या घरी निळा इतका सगळीकडे आहे की तो मला दिसतच नाही.

तो दुसऱ्याला दिसला. रांगेतले एक गृहस्थ सुपरवायझरकडे गेले आणि म्हणाले, "त्या बायका निळ्या पक्षाचा प्रचार करताहेत. सिम्बॉलसकट."

सुपरवायझर आईकडे गेली आणि अगदी अदबीने म्हणाली, "मॅडम, हा स्कार्फ निवडणुकीसाठी आहे का?"

आईचं इंग्रजी चांगलं आहे. ती लॅबमध्ये नोकरी करते, रिपोर्ट लिहिते. पण प्रश्न तिला तिच्या अर्थाने भेटला. ती खूश होऊन म्हणाली, "हो, हो. खास मतदानासाठीच. आम्ही सगळ्या घालतो."

रांगेतले गृहस्थ म्हणाले, "बघा."

सुपरवायझरने चष्मा डोळ्यांवर चढवला. म्हणाली, असं असेल तर स्कार्फ बाहेर ठेवून यावं लागेल. आईचा चेहरा उतरला. तिने दुपट्ट्याचं टोक मुठीत धरलं. मैत्रिणींपैकी एक मराठीत पुटपुटली, "काढ ना बाप्पा, मत तर देऊ दे." आई म्हणाली, "मी नाही काढत. मी परत जाते." आणि तरीही जागची हलली नाही.

"बाय," आंटी माझ्या कानाशी लागली, "आपल्याकडच्या दिसतात. जाऊन समजाव ना. दुपट्टा पर्समध्ये, काम खलास."

तेवढं करता आलं असतं. दुपट्टा पर्समध्ये गेला असता, मत पडलं असतं, कुणालाच काही कळलं नसतं, आणि मी सुनेच्या तक्रारी ऐकत बसले असते. मी आईकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि झटकन मान वळवून बास्केटबॉलच्या जाळीकडे बघायला लागली. इतकं मन लावून की तिला कुणीही पकडलं असतं. तिची अठरा वर्षं पणाला लागली होती आणि ती माझी अट पाळत होती. त्या क्षणी मला आठवलं की शाळेच्या गेटवरही ती अशीच उभी राहायची, चार पावलं लांब, दुसरीकडे बघत. तिथे मी काही सांगितलंही नव्हतं. तिने आपणच ओळखलं होतं.

मी उठले. खुर्चीचा पाय लाकडी जमिनीवर करकरला आणि सगळ्यांनी वळून पाहिलं. मला सगळ्यांनी वळून पाहिलेलं मुळीच आवडत नाही.

"ती माझी आई आहे," मी सुपरवायझरला म्हणाले.

ती थांबली. "मग हे काय आहे ते तू सांगू शकशील."

मी म्हणाले, "कल्चरल आहे." हा शब्द मी नेहमी वापरते. त्यात काहीही झाकता येतं.

"कल्चरल म्हणजे?" ती चाळीस वर्षं मुलांची अर्धी उत्तरं ऐकत आलेली बाई होती.

"हा इथल्या पक्षाचा रंग नाही," मी म्हणाले. आवाज लहान होता, पण हॉल शांत झाला होता. "आमच्या लोकांना भारतात अस्पृश्य म्हणायचे. गावातलं पाणी घेऊ देत नव्हते. मग राज्यघटना आली आणि सगळ्यांबरोबर आम्हालाही मत मिळालं. त्याची आठवण म्हणून आई मतदानाला असे कपडे घालते. हा निळा आमच्या लोकांचा आहे. ती अठरा वर्षांनी मत देतेय."

रांगेत भारतातली माणसं होती. माझ्या वयाची दोघं-तिघं होती. 'अस्पृश्य' हा शब्द मी कॅनडात मोठ्याने पहिल्यांदा उच्चारला होता आणि पुढे काय होतं याची वाट बघत मी उभी राहिले. फारसं काही झालं नाही. एका बाळाने बाटली खाली टाकली.

सुपरवायझरने आईची साडी वरपासून खालपर्यंत पाहिली. म्हणाली, "माझी आई इथे पहिल्यांदा मत द्यायला गेली तेव्हा हॅट आणि हातमोजे घालून गेली होती. जुलै महिना होता. आम्ही पोरं तिला खूप हसलो होतो." मग तिने नियमांची फाइल आणली आणि सगळ्यांना ऐकू येईल असं वाचलं. पक्षाचं नाव नको, उमेदवाराचं नाव नको, पक्षाचं चिन्ह नको. "हे चाक इथल्या कुठल्या पक्षाचं आहे?"

"कुठल्याच नाही."

"राहिला रंग." ती तक्रार करणाऱ्या गृहस्थांकडे वळली. त्यांच्या अंगात टोरांटोच्या हॉकी टीमची जर्सी होती, गळ्यापासून मांड्यांपर्यंत निळी. "सर, नुसत्या रंगावरून बाहेर काढायचं ठरलं तर मला तुमच्यापासून सुरुवात करावी लागेल."

ते खाली स्वतःकडे बघून हसले. "आमच्या टीमचे प्लेऑफ सामने आहेत," म्हणाले.

"त्यांचेही," सुपरवायझर म्हणाली आणि मागे हात बांधून निघून गेली.

आई टेबलासमोर आली. आंटीने तिचं ओळखपत्र घेतलं आणि माझ्याकडे डोळे वटारले. "तुझी आई? मी सकाळपासून तुला माझं सगळं घर सांगते नि तू आईचं नाव नाही काढलंस?"

"तिला मनाई केली होती मी," मी म्हणाले.

"मी काही बोलली काय?" आई आंटीला म्हणाली. "एक शब्द नाही. विचारा तिला."

मी मतपत्रिकेची घडी घातली. त्या दिवशी एकूण दोनशे वेळा तरी घातली असेल, पण ही वाकडी झाली, आणि मला ती उलगडून पुन्हा घालावी लागली. आई पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली. तिथे एक पेन्सिल आणि मोजकी नावं, माणसं अर्ध्या मिनिटात बाहेर येतात. आई येईना. तिच्या मैत्रिणींचं मत होऊन गेलं. आंटी म्हणाली, "आत निबंध लिहिते काय?" शेवटी ती आली, मतपत्रिका दोन्ही हातांनी पेटीत टाकली, आत पडली का ते वाकून बघितलं, आणि माझ्यासमोर डाव्या हाताचं बोट धरलं.

मला कळेना. आंटीला कळलं.

"शाई नसते हो इथे," ती हळूच म्हणाली.

"नसते?" आईने बोट तसंच धरून ठेवलं. "मग दिलं म्हणून दाखवायचं काय?"

आंटीने इकडे तिकडे पाहिलं, सुपरवायझरची पाठ आहे याची खात्री केली, यादीवर रेघ मारायचं काळं बॉलपेन उचललं आणि आईच्या नखाच्या मुळाशी चांगला जाड ठिपका काढला. वर फुंकरही मारली.

आई त्या बोटाला जपत दारापर्यंत गेली. तिथून मागे वळली आणि हॉलच्या या टोकाला ऐकू येईल अशी म्हणाली, "डब्यात भाजी आहे, खाऊन घेशील." मीही तिला तेवढ्याच मोठ्याने "हो गं" म्हणाले.

पुढचे दोन दिवस ती भांडी घासताना रबरी हातमोजे घालत होती. बोटाचा फोटो तिने नागपूरच्या सगळ्या नातेवाइकांना पाठवला. मामीचा लगेच मेसेज आला, तिकडे शाई एवढीशीच लावतात काय? आईने सोफ्यावर बसून, एकेक अक्षर शोधत उत्तर लिहिलं आणि पाठवण्याआधी शुद्धलेखन तपासायला माझ्यापुढे धरलं. लिहिलं होतं, "हो. आमच्या मुलीच्या टेबलावर लावली."