सावडीतला दुसरा बैल

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, नोकरीतल्या दोस्तांजवळ नाही. मागे डॉक्टरने विचारलं, काका, झोप का लागत नाही — तर म्हणालो, चहा जास्त होतो. चहा! आताही बघा ना, लिहायला बसलो आणि दोनदा उठलो. एकदा गॅस बंद आहे का बघायला, एकदा उगीचच. खरं बोलायची वेळ आली की माणसाला घरातली सगळी कामं आठवतात.

मी शेतीखात्यात होतो. मोठा अधिकारी वगैरे काही नाही, साधा कृषी सहायक. पण घोटीच्या पलीकडच्या भाताच्या गावांत पायात बूट आणि हातात वही असली की माणूस साहेबच. नव्वदच्या दशकात आमच्यामागे एकच धोशा होता — छोट्या शेतकऱ्यापर्यंत यंत्र पोचवा, पॉवर टिलर पोचवा. बैलाचे दिवस संपले, असं मी किती पारांवर बोललो असेन! आणि मला ते पटतही होतं बरं का. आजही पटतं. यंत्राला मी नावं ठेवणार नाही. ते बिचारं लोखंड. खोटं मी बोललो.

थांबा — आधी सावड सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

तिकडे बऱ्याच घरी एकच बैल. एका बैलाचं औत होत नाही. मग दोन घरं मिळून सावड करतात. तुझा एक, माझा एक, झाली जोडी. आज तुझं खाचर नांगरायचं, उद्या माझं. ज्याचा दिवस, त्याच्या गोठ्यात दोन्ही बैल. कागद नाही, साक्षीदार नाही, सगळं शब्दावर. म्हणून ज्याचा शब्द गेला त्याच्याशी कुणी सावड करत नाही. आणि सावड नाही तर नांगरट नाही, नांगरट नाही तर लावणी नाही. भाताचं रोप वाफ्यातच पिवळं पडून जातं.

तिकडच्याच एका गावातले चिंधू आणि लहानू, यांची सावड बापापासूनची. लहानू बडबड्या, दिसेल त्याला हाक मारणारा. चिंधू अबोल. चार वाक्यांचं काम एका ‘बरं’मध्ये उरकायचा. लोक थट्टा करायचे, की यांच्या बायका भांडतील, पण बैल भांडायचे नाहीत.

त्या गावात मला यंत्राचं प्रात्यक्षिक करायचं होतं. नाशिकहून आमचे साहेब येणार होते. त्याआधी दुसऱ्या एका गावात टिलर असा रुतला होता, की माणसं पोट धरून हसली होती, आणि साहेबांनी सगळ्यांसमोर मला विचारलं होतं — अहो, तुम्हाला पगार कशाचा देतात? ते माझ्या डोक्यात बसलं होतं. म्हणून यावेळी दोन दिवस आधीच ओढ्यापलीकडच्या एका खाचरात मी यंत्र चालवून बघितलं. मालक परगावी असलेलं, त्या वर्षी औत न लागलेलं खाचर, गवताने घट्ट धरलेलं. पाती जमिनीत शिरेनात. यंत्र नुसतं उड्या मारत होतं आणि मी मागे फरफटत होतो.

मग मी चिंधूकडे गेलो. त्याच्याकडेच का? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे आणि पुष्कळ चांगली उत्तरं दिली आहेत. खरं उत्तर एकच — तो बोलणार नाही, हे मला माहीत होतं.

दुसरा दिवस सावडीत त्याचा होता. दोन्ही बैल त्याच्याच गोठ्यात होते. मी म्हणालो, चिंधू, उद्या ते ओढ्यापलीकडचं खाचर दोनदा नांगरून टाक, वर पाणी भर, आणि कुणाला सांगू नको. तो जरा घुटमळला. म्हणाला, “माझं खाचर ऱ्हातंय साहेब.” मी म्हटलं, एका दिवसाने काय होतंय? तो म्हणाला, “बरं.”

प्रात्यक्षिकाला अख्खं गाव बांधावर. साहेब छत्रीखाली. मी घसा साफ केला आणि मोठ्याने सांगितलं — मंडळी, या खाचराला यंदा औत लागलेलं नाही! वर घोटाभर गढूळ पाणी, खालचं कोण बघणार? आणि बघितलं असलं कुणी, तरी साहेबाला कोण विचारणार? टिलर असा चालला, दह्यात रवी फिरावी तसा. सगळ्यात पुढे लहानू. धोतर खोचून चिखलात उतरला, मुठी धरल्या, एक फेरा मारला आणि लहान पोरासारखा हसायला लागला. चिंधू मागे उभा होता. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. मी साहेबांना हार घालायला वळलो.

पुढच्या पावसाळ्याआधी लहानूने बैल घोटीच्या बाजारात विकला आणि अनुदानात टिलर घेतला. नारळ मीच फोडला. सावड मोडली — भांडण नाही, तंटा नाही, नुसती मोडली. आणि चिंधू गप्प. का? मला शब्द दिला होता ना त्याने! ज्या खाचराला भुलून लहानूने बैल विकला, ते खाचर त्याच बैलाने नांगरलं होतं. हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. लहानूचं घर माझ्या रस्त्यावरच होतं. एकदा थांबून सांगितलं असतं तर? पण मी थांबलो नाही. मोटरसायकल जरा जोरात न्यायचो, एवढंच.

पाऊस लागला आणि व्हायचं तेच झालं. लहानूच्या चढावरच्या, औत न लागलेल्या खाचरात यंत्र उड्या मारायला लागलं. तो गेला चिंधूकडे, एवढा एक बैल तरी दे म्हणून. पण एका बैलाने काय होणार? चिंधूचंही खाचर तसंच पडलेलं. तेव्हा कुठे चिंधूने तोंड उघडलं.

मी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बियाण्याच्या पिशव्या वाटत होतो. भोवती पंधरा-वीस माणसं. लहानू चिंधूला दंडाला धरून घेऊन आला.

“साहेब, ह्यो म्हनतो, ते खाचर आधी नांगरलेलं व्हतं. माझ्याच बैलानं. खरं हाय का?”

चिंधू माझ्याकडे बघत नव्हता. लहानूलाच सांगत होता — “त्या दिशी माझा दिस व्हता. माझं खाचर तसंच ऱ्हायलं व्हतं. आठव की.”

आणि लहानू आठवायला लागला. मी पाहिलं ना ते! कपाळाला आठ्या पडल्या, ओठ हलले. अजून एक क्षण गेला असता तर त्याला आठवलं असतं. मी तो क्षण जाऊ दिला नाही. म्हणालो —

“चिंधू, सावड मोडली म्हणून माणसाने इतकं जळू नये.”

लोक हसले. लहानूने त्याचा दंड सोडून दिला. चिंधू म्हणाला, “बरं साहेब.” अगदी आधी म्हणाला होता तसंच. आणि उतरून गेला.

करून सवरून नामानिराळा, म्हणतात तो मी. लहानूला मेहुण्याने चार दिवस जोडी दिली, त्याचं भागलं. चिंधूशी त्या वर्षी कुणी सावड केली नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. साहेबाच्या तोंडावर खोटं बोलणारा माणूस, आपला बैल त्याच्या गोठ्यात कोण बांधणार? त्याचं खाचर पडीक राहिलं. बैल गेला. मग तो आणि त्याची बायको सायखेड्याकडे बागायतदाराच्या मळ्यात कामाला गेले आणि तिकडेच राहिले. मला चांगला शेरा मिळाला.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, तरुण होता, नोकरीची भीती होती. म्हणू नका. कारण अजून संपलेलं नाही.

पुढे बरीच वर्षं गेली. मी येवल्याला बदलून गेलो, निवृत्त झालो, नाशिकला आलो. एकदा घोटीला लग्नाला गेलो होतो, तर स्टँडवर लहानू भेटला. म्हातारा झालेला, दात पडलेले. हट्टाने चहा पाजला. गावात आता ट्रॅक्टर भाड्याने मिळतो म्हणाला, लय बेस झालंय. मग बशीत चहा ओतता ओतता खाली बघून म्हणाला —

“साहेब, एक इचारू? राग नका मानू. ते खाचर... खरंच नव्हतं ना नांगरलेलं? चिंध्या दिवाळीला आला व्हता. समोरासमोर आलो, पर बोललो नाय. आता म्हातारपन आलं. तुमी एकदा सांगितलं तर...”

वाक्य त्याने पुरं केलं नाही. करायची गरजही नव्हती. त्याला ‘होतं’ असं ऐकायचं होतं हो! स्वतः खोटा ठरायला तो तयार होता. आणि मला आता कुणाची भीती होती? साहेब नाही, शेरा नाही, पेन्शन बँकेत जमा होतेय. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं.

मी म्हणालो, “नव्हतं रे.”

तो म्हणाला, “मग बरोबर हाय.” चहा संपवला आणि माझी पिशवी उचलून मला गाडीत बसवून दिलं.

चिंधू गेला त्या सायखेड्याची एसटी आमच्या चौकातून जाते. एकदा बसलो होतो. अर्ध्या वाटेत उतरलो, रस्ता ओलांडला आणि परतीच्या गाडीची वाट बघत उभा राहिलो.

ओट्यावर जे बोलायचं होतं, ते इथे लिहितो. ते खाचर आधी नांगरलेलं होतं. चिंधूने नांगरलं होतं, लहानूच्या बैलाने, मी सांगितलं म्हणून. चिंधू खरं बोलत होता.