द्राक्षांच्या शेडमधला मोहरांचा सौदा

माझा पाय मोडला नसता, तर माझी आणि माझ्या जाऊबाईंची खरी ओळख कधी झालीच नसती. लग्न झाल्यापासून आम्ही नाशिकला एकाच घरात राहत होतो, पण आमचं बोलणं किराणा, पाहुणे आणि आज भाजी कोणती, याच्या पुढे जात नसे. त्या वयाने मोठ्या, अबोल, कामात चोख. मी नोकरी करणारी, सकाळी डबा घेऊन निघणारी.

द्वारका चौकात माझी स्कूटर घसरली, पायाला प्लास्टर बसलं आणि ऑफिसला रजा टाकून मी पलंगावर पडून राहायला लागले. फोन हाताशी होता. त्यातच मला जहाजांचा एक खेळ सापडला.

खेळ तसा सोपा होता. जगभरातले लोक एकाच समुद्रावर आपापली जहाजं घेऊन फिरतात. एका बंदरात मिरी स्वस्त मिळते ती भरायची, दुसऱ्या बंदरात महाग विकायची. त्यातून मोहरा मिळतात. या मोहरा खऱ्या रुपयांना विकताही येतात. खेळ काढणाऱ्या कंपनीनेच त्यासाठी एक बाजार उघडून दिलेला होता. ज्याला मोठं जहाज हवं असतं, पण बंदरं पालथी घालायला वेळ नसतो, तो सरळ मोहरा विकत घेतो. हे मला कळलं तेव्हा गंमत वाटली; आपण विकू, असं मात्र मनात आलं नव्हतं.

ते आलं जाऊबाईंच्या मनात. त्या माझं जेवणाचं ताट घेऊन आल्या आणि पलंगाशी थबकल्या.

"काय विकतेयस?"

"मिरी."

त्यांनी ताट टेबलावर ठेवलं आणि वाकून पडद्याकडे पाहिलं. "मग एवढी घाई का? बंदरात बघ, सगळ्यांची जहाजं एकदम लागलीत. भाव पडणारच. ती उठू दे, मग विक."

मी थांबले. थोड्या वेळाने जहाजं पांगली आणि मिरी खरोखरच चढली. मी त्यांच्याकडे पाहिलं तर त्या हसत होत्या. त्यांना असं हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते. त्यांचं माहेर पिंपळगाव बसवंतचं, द्राक्षं आणि कांद्याच्या व्यापारातलं. लहानपणी त्या वडिलांसोबत लिलावाला जायच्या. पुढे लग्न झालं ते बँकेत नोकरी करणाऱ्या माझ्या दिरांशी, आणि भाव हा शब्दच त्यांच्या आयुष्यातून गेला, असं त्यांनी त्या दुपारी मला सांगितलं.

त्यानंतर दुपारची कामं आटोपली की त्या माझ्या पलंगावर येऊन बसायच्या. कुठे काय भरायचं हे त्या सांगायच्या, जहाज मी हाकायची. आमच्याकडे मोहरा साचायला लागल्या. एकदाच मोठा फटका बसला. लवंगांनी गच्च भरलेलं आमचं जहाज काळ्या शिडाच्या एका जहाजाने वाटेत गाठलं आणि लुटून नेलं. या खेळात त्यालाही मुभा होती. जाऊबाईंना रात्रभर ते लागून राहिलं. सकाळी चहा गाळताना म्हणाल्या, "तो काळ्या शिडाचा मेला एकदा समोर यायला पाहिजे."

आम्ही पहिल्यांदा थोड्या मोहरा विकल्या आणि फोनवर खरे रुपये जमा झाल्याचा निरोप आला, तेव्हा जाऊबाईंनी तो निरोप चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग खेळात जाहीर झालं की एक फार मोठं, कुणाकडेच नसलेलं जहाज रविवारी दुपारी मोहरांच्या बोलीवर लिलावात निघणार. मोहरांचा भाव वर चढायला लागला. त्याच गडबडीत एका माणसाचा मराठीत निरोप आला. तुमच्याकडच्या सगळ्या मोहरा घेतो म्हणाला. मालेगावचा होता, यंत्रमागांचा धंदा. पण पूर्वी त्याने कुणाला तरी आधी पैसे पाठवले होते आणि मोहरा आल्याच नव्हत्या. त्यामुळे आता व्यवहार समोरासमोर करायचा, असा त्याचा हट्ट होता.

मी घाबरले. जाऊबाईंनी मात्र लगेच ठरवून टाकलं. "पिंपळगावला माझ्या भावाच्या द्राक्षांच्या शेडवर बोलव. तिथे आपली माणसं आहेत."

रविवारी मी काठी टेकत एसटीत चढले. प्लास्टर निघालं होतं, पण पाय अजून बिचकत होता. जाऊबाईंनी ठेवणीतली साडी नेसली होती आणि दोन्ही फोनांचं चार्जिंग पुन्हा पुन्हा तपासत होत्या.

शेडमध्ये द्राक्षांचा हंगाम भरात होता. ओळीने बसलेल्या बायका कात्रीने खराब मणी काढत होत्या, क्रेट भरले जात होते, बाहेर टेम्पो उभे होते. जाऊबाईंच्या भावाने आम्हाला कोपऱ्यात खुर्च्या दिल्या आणि विचारलं, "आक्का, सौदा करायचा म्हणती, पण माल कुठाय?"

"फोनमध्ये."

"आन् घेणारा नेणार कशात?"

"त्याच्या फोनमध्ये."

तो डोकं खाजवत चहा सांगायला गेला.

मालेगावचे गृहस्थ मोटारसायकलवरून आले. मागे त्यांची पत्नी होती, पन्नाशीच्या आसपासची, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. गृहस्थांनी दराची बोलणी सुरू केली. जाऊबाई एक आकडा सांगायच्या, ते मान हलवायचे आणि खाली यायला सांगायचे. तोवर बाजारात मोहरांचा भाव आणखी वाढला. मी तो दाखवला तसा जाऊबाईंनी आपला आकडा वर नेला. गृहस्थांनी कपाळ पुसलं आणि बायकोकडे पाहिलं.

"भाव जास्त शे," ती बाई आपल्या अहिराणी ढंगात शांतपणे म्हणाली. तिने पिशवीतून आपला फोन काढला आणि खेळ उघडला. तेव्हा कळलं की खेळणारी तीच. पती नुसते बोलायला पुढे झाले होते.

तिच्या पडद्यावर तिचं जहाज दिसलं. शीड काळं होतं.

जाऊबाई उठून उभ्याच राहिल्या. "आमच्या लवंगा तुम्ही नेल्या?"

बाईने आमच्या जहाजाचं नाव विचारलं, आठवून पाहिलं आणि मान डोलावली. "हो. लय भरेल होतं तुमचं जहाज. बरोबर राखणीला कोणीच नव्हतं. असा माल एकटा पाठवतात का ताई?"

आता भांडण होणार म्हणून मी काठी घट्ट धरली. जाऊबाई खाली बसल्या. त्यांनी चहाचा कप बाईकडे सरकवला आणि विचारलं, "किती जहाजं आहेत तुमच्याकडे?"

पुढचं बोलणं इतक्या झपाट्याने झालं की गृहस्थ आणि मी नुसते त्या दोघींच्या तोंडाकडे पाहत राहिलो. बाईकडे लढणारी जहाजं होती. मागाच्या खोलीशेजारी बसून ती दुपारभर खेळायची. व्यापार मात्र तिला जमत नव्हता, म्हणून लूट. आम्हाला व्यापार जमत होता, पण राखण नव्हती.

"मोहरा विकायच्या नाहीत," जाऊबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या. "भागीत जहाज घ्यायचं. अर्ध्या मोहरा आपल्या, अर्ध्या यांच्या. चालेल तुला?"

त्यांनी मला विचारलं याचंच मला इतकं बरं वाटलं की मी लगेच हो म्हणाले. मोहरा विकून मिळणारे पैसे समोर होते. तेही मी विसरून गेले.

लिलाव सुरू झाला. बोली बाईच्या फोनवरून लागणार होती, म्हणून मी आमच्या मोहरा तिला पाठवल्या. आधी पैसे की आधी मोहरा, हा प्रश्न कुणाच्या लक्षातही राहिला नाही. सुरुवातीला पुष्कळ जण बोली लावत होते. मग एकेक गळत गेला आणि एकच परदेशी खेळाडू उरला. तो प्रत्येक वेळी आमच्यापेक्षा थोडा वर जायचा. तेवढ्यात फोनची रेंज गेली. पत्र्याच्या शेडमध्ये, शीतगृहाच्या भिंतीला टेकून आम्ही बसलो होतो.

"बाहेर चला," असं म्हणत बाई पळाली. पाठोपाठ जाऊबाई. मी काठीसकट, पाय विसरून. टेम्पोंच्या मधोमध मोकळ्या अंगणात रेंज आली तेव्हा परदेशी खेळाडूची बोली वर होती आणि वेळ संपत आली होती. बाईचं बोट बटणावर थांबलं.

जाऊबाई म्हणाल्या, "त्याच्यावर थोडंथोडं नका जाऊ. एकदम उडी घ्या. तो दचकेल."

बाईने उरल्यासुरल्या सगळ्या मोहरा लावल्या. आम्ही तिघी एकमेकींचे हात धरून उभ्या होतो आणि कात्र्या थांबवून शेडमधल्या बायका दारात गोळा झाल्या होत्या. परदेशी खेळाडूची बोली आलीच नाही. पडद्यावर जहाज आमच्या नावाने लागलं. काय झालं हे न कळताच दारातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. बाई पदर तोंडाशी धरून हसत होती आणि म्हणत होती, "जहाज आपलं शे."

लिलाव संपल्यावर मोहरांचा भाव कोसळला. दुपारी विकल्या असत्या तर चांगले पैसे सुटले असते, हे जाऊबाईंच्या भावाने हिशेब करून आम्हाला सांगितलं. जाऊबाई ऐकत होत्या, पण त्यांचं लक्ष नव्या जहाजात किती माल मावेल याकडे होतं. आम्हाला द्राक्षांची एक पेटी देऊन त्याने बसमध्ये बसवलं.

संध्याकाळी जेवताना दिरांनी सहज विचारलं, "माहेरी काय विशेष?"

"जहाज घेतलं," जाऊबाई म्हणाल्या.

दिरांचा घास हातातच राहिला. मग जाऊबाई सांगायला लागल्या. मिरी, लवंगा, मालेगावची बाई, अंगणातली धावपळ. दीर मधून मधून माझ्याकडे पाहत, हे खरं आहे का म्हणून, आणि मी मान हलवत होते. आमटी गार झाली. त्या उठून ती गरम करायला गेल्या आणि गॅसपाशी उभ्या राहून मोठ्या आवाजात पुढचं सांगत राहिल्या.