चष्मेवाल्याचा रस्ता

सिकंदर गेला हे ज्यांना कळवायला हवं होतं, त्यांतल्या कुणाचाही फोन नंबर माझ्याकडे नव्हता. नातेवाइकांना त्याच्या मुलानं कळवलं, दुकानाच्या गिऱ्हाइकांना बंद शटरनं कळवलं, आणि आमच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर तर बातमी माझ्याआधीच पोचली होती. मी कोर्टाच्या व्हरांड्यात एका पक्षकाराशी हुज्जत घालत उभा होतो. मुलाचा फोन आला, "काका, अब्बा गेले. दुकानातच... कुणाला तरी चष्मा बसवून देत होते." पक्षकार बोलतच राहिला आणि मीही बराच वेळ मान हलवत राहिलो. त्याला वाटलं असेल, वकीलसाहेबांना शेवटी पटलं. संध्याकाळी कब्रस्तानातून त्याच्या घरी गेलो तेव्हा भाभी दारापर्यंत आल्या. एवढ्या गर्दीत, एवढ्या रडारडीत त्यांना आठवलं. म्हणाल्या, "तुमच्या सायकलच्या रस्त्यावरच्या लोकांना तुम्हीच सांगा भाऊजी. त्यांना कोण सांगणार दुसरं?" मी म्हणालो, सांगतो. आयुष्यभर बोलून पोट भरलेला माणूस मी. एक वाक्य तर सांगायचं होतं.

सिकंदरचं चष्म्याचं दुकान माझ्या ऑफिसच्या खाली. डॉक्टरांनी मला चालायला सांगितलं आणि मला चालायचा कंटाळा, तेव्हा यानं कुठून तरी एक जुनी सायकल आणून माझ्या दारात उभी केली. "वकीलसाब, चालायला नको वाटतंय न्हवं? मग बसून फिरा की." सुरुवातीला आम्ही कळंब्याच्या तळ्यापर्यंत जाऊन यायचो. पहिल्या दिवशी वाटेतल्या तुरुंगाच्या भिंतीजवळ मी सायकल टेकवून असा धापा टाकायला लागलो की त्यानं गेटकडे बघत गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "आत घेत्यात का बघू? इश्रांती तरी मिळंल." मला राग आला, आणि त्या रागातच मी पुढचा चढ चढलो. माझ्या रागाचा असा उपयोग करून घेणारा तो एकटाच माणूस.

मग रस्ता लांबत गेला. आमचा आवडता रस्ता कोल्हापुरातून मलकापूरवरून आंबा घाटाकडे जाणारा. शिवाजी पुलावर अजून अंधार असायचा, केर्लीपाशी उजाडायचं, वाघबिळाचा चढ संपेपर्यंत अंग घामानं निथळायचं आणि तिथून पुढे उसाच्या, भाताच्या रानांतून रस्ता सारखा चढत-उतरत राहायचा. एक उतार कमवावा आणि पुढच्याच चढावर घालवावा, असा सगळा व्यवहार. मलकापूर मागे पडलं की झाडी दाट होत जाते. हवा एकदम गार लागते, ओल्या पाल्याचा वास येतो, आणि दोन माणसं शेजारी शेजारी जात असली तरी आपोआप बोलायची थांबतात. त्या झाडीत सिकंदर गियर हलका करून अगदी सावकाश पायडल मारायचा. मी पुढे. माझ्या हँडलला घड्याळ होतं आणि त्यावरचा वेगाचा आकडा खाली आला की माझं डोकं वर जायचं.

आकडा खाली यायचा तो सिकंदरमुळे. त्याच्या सीटखालच्या पिशवीत पंक्चरचं सामान नावाला आणि बाकी सगळं दुकान. बारीक स्क्रू, इवलासा स्क्रूड्रायव्हर, नाकावर बसणाऱ्या रबरी गाद्या, काच पुसायचं फडकं. या रस्त्यावर त्यानं कितीतरी जणांना चष्मे करून दिले होते. रविवारी येऊन नंबर बघायचा, पुढच्या रविवारी चष्मा आणायचा, आणि मग दर खेपेला दांडी घट्ट करून द्यायची. बांबवड्याच्या पुढे आक्काची चहाची टपरी होती, तिथं तर त्याचा मुक्कामच. मलकापूरच्या पुढे झाडीच्या कडेला राऊबाचं घर. म्हशी राखणारा म्हातारा. सायकलची घंटी ऐकली की तो बाहेर यायचा. मी या सगळ्या वेळात एक पाय रस्त्यावर टेकून, सीटवरून न उतरता उभा. एकदा चिडून म्हणालो, "अरे, आपण सायकल चालवायला आलोय की चष्मे दुरुस्त करायला?" त्यानं मान वर न करता उत्तर दिलं, "दोनी की."

तो गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी एकटा निघालो. सांगायचंच, असं ठरवून निघालो. वाघबिळाच्या चढावर वाक्यं जुळवली, कोर्टात जुळवतो तशी. टपरीपाशी थांबलो तर आक्का हातातलं फडकं झटकत हसत पुढे आल्या. "एकटंच? चष्मेवालं कुटं हाईत?"

आणि मी म्हणालो, "गुडघा धरलाय त्याचा."

का म्हणालो, याचं उत्तर मी स्वतःला अनेक वेळा विचारून बघितलं आहे. त्या हसत होत्या, हे एक. सांगितलं असतं तर उतरावं लागलं असतं, बसावं लागलं असतं, त्या रडल्या असत्या आणि मला काय करायचं ते कळलं नसतं, हे दुसरं. पण खरं कारण मला टपरी सोडून पुढे गेल्यावर समजलं. मला बरं वाटत होतं. गेल्या तीन आठवड्यांत पहिल्यांदाच बरं वाटत होतं. त्या रस्त्यापुरता सिकंदर घरी पलंगावर पडला होता, गुडघ्याला शिव्या घालत होता, भाभींकडून शेक घेत होता. मी मलकापुरातूनच परत फिरलो. राऊबापर्यंत गेलोच नाही. परत येताना आक्कांनी मला हात करून थांबवलं आणि निरगुडीच्या पाल्याचा भारा सायकलला बांधून दिला. "गरम करून बांदा म्हनावं. आट दिसात पळाय लागंल." मी तो पाला कोल्हापूरपर्यंत आणला. टाकवेना, म्हणून बाल्कनीत ठेवला. तिथं तो वाळत गेला आणि घरभर त्याचा कडवट वास सुटला.

दुसऱ्या खेपेला कुळथाचं पीठ मिळालं. "त्यास्नी आवडतंय. बसल्या जागी अन्न ग्वाड लागत न्हाई मान्साला, पिटलं करून घाला म्हनावं." मी घेतलं. घरी बायकोनं विचारलं, कुठून आणलंस, तर म्हणालो, रस्त्यावर मिळालं. तिनं पिठलं केलं. चांगलं झालं होतं. मेलेल्या मित्राच्या नावानं आलेलं पिठलं मी मागून दुसऱ्यांदा वाढून घेतलं... ताटावरून उठल्यावर बेसिनच्या आरशात बघायची मला लाज वाटली. लाज हा शब्द आपण फार सहज वापरतो. खरी लाज वाटते तेव्हा माणूस चूळ भरतो, दिवा घालवतो आणि बाहेर येऊन टीव्ही लावतो. मी तेच केलं.

चाळिसाव्याला त्याच्या घरी जेवण होतं. पाहुणे पांगल्यावर भाभींनी मला बाजूला बोलावलं. "त्या आक्कांना सांगितलंत ना भाऊजी? हे घरी आले की निम्मं बोलणं त्यांच्याबद्दलच असायचं."

"हो, सांगितलं."

"काय म्हणाल्या?"

इथं थांबता आलं असतं. पण खोट्या साक्षीदाराची उलटतपासणी मी जन्मभर केली आहे. तो जिथं अडकतो तिथंच जास्त बोलतो. "फार रडल्या," मी म्हणालो.

भाभींचे डोळे भरून आले. मग त्यांनी पदर नीट केला आणि म्हणाल्या, "मला एकदा भेटायचंय त्यांना. इद्दतमध्ये आहे, आता कुठं जाता यायचं नाही. दिवस संपले की मुलाबरोबर जाऊन येईन. यांच्यासाठी तिथं कुणीतरी रडलं, मला ती बाई बघायची आहे." आणि जरा थांबून त्यांनी विचारलं, "नाव काय हो त्यांचं?"

मला माहीत नव्हतं. एवढी वर्षं त्यांच्या हातचा चहा पिऊन मला नाव माहीत नव्हतं.

पुढच्या रविवारी निघालो तेव्हा मी हँडलवरचं घड्याळ घरीच काढून ठेवलं. शहाणपणानं नव्हे, त्यावरचा आकडा बघवेना म्हणून. टपरीपाशी सायकल भिंतीला लावली आणि आक्का काही विचारायच्या आत बोलून टाकलं. सिकंदर गेला. गुडघा नव्हता. मी खोटं बोललो होतो.

त्या रडल्या नाहीत. शेगडीवरचं पातेलं खाली उतरवून माझ्याकडे बघत राहिल्या. "कवा?"

मी सांगितलं. त्यांनी मनाशी हिशेब केला. पाला कधी दिला, पीठ कधी दिलं. आणि मग त्यांच्या तोंडातला ‘तुमी’ गेला. "म्हंजे मी पाला दिला तवा त्यो मातीत हुता? आन् तू घेऊन गेलास? हात कसा रं फुडं झाला तुजा?" रस्त्यावरून ट्रक जात होता, तरी त्यांचा आवाज त्याच्या वर ऐकू आला. "मी हितं लोकांफुडं त्याला शिव्या घालत हुते, गुडघ्याचं निमित्त करून पडलाय म्हून. मेल्या मान्साला शिव्या घाय लावल्यास मला! त्याच्या बायकोला भेटाय आले असते मी. मातीला न्हाय, तर चाळिसाव्याला तरी आले असते. माजं यायचं तू ठरीवनार कोन?"

मी उरलेलंही सांगितलं. त्याची बायको येणार आहे, आणि तुम्ही रडलात असं मी तिला सांगितलंय. यावर मात्र त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला, परत घातला, परत काढला. "रडीन की," त्या म्हणाल्या, "ती आल्यावर रडीन. तू सांगितलंस म्हून न्हवं." आणि मग एकदम, "राऊबाला सांगितलंस?"

"नाही."

"मग जा. आन् ऐक, असं दारात हुबं ऱ्हाऊन वकावक सांगू नगंस. बूट काढायचं, आत जाऊन बसायचं, मग सांगायचं. मान्सं अशी सांगत्यात."

मी सायकल काढली आणि चार पावलांवरून परत आलो. त्यांचं नाव विचारलं. "हिराबाई," त्या म्हणाल्या, माझ्याकडे न बघता.

मलकापूरच्या पुढची झाडी त्या दिवशी मला दिसलीच नाही. राऊबाच्या घरापाशी मी घंटी वाजवली, सायकल कुंपणाला टेकवली आणि उंबऱ्याशी बसून बुटाचे बंद सोडायला लागलो. एक गाठ तेवढी सुटली होती, तोवर राऊबा बाहेर आला. घंटी ऐकली की येताना चष्मा काढूनच यायचा, ही त्याची सवय. दांडीला दोरा गुंडाळलेला तो काळा चष्मा त्यानं हात लांब करून पुढे धरला आणि माझ्या डोक्यावरून मागच्या रस्त्याकडे बघत म्हणाला, "ह्यो बग, परत ढिला झालाय."

चष्म्याशिवाय त्याला चार हातांवरचा माणूस ओळखू येत नाही. माझा चेहरा बघून त्याला काही कळण्यासारखं नव्हतं. बूट काढून मी आत गेलो, त्याला शेजारी बसवलं, आणि सांगितलं.

चष्मा अजून त्यानं तसाच आमच्या दोघांच्या मध्ये धरलेला होता. मग राऊबानं तो हळूच डोळ्यांवर चढवला, एका हातानं दांडी धरून ठेवली, आणि माझ्याकडे बघितलं.