तीनदा पुकारलेलं नाव

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मुलाला नाही, बहिणीला नाही — नवऱ्याच्या फोटोलासुद्धा नाही, आणि त्या फोटोसमोर तर मी रोज सकाळी कॉफी पिता पिता सगळं बडबडत असते. भाजीवालीशी वाजलं, तेही सांगते. एवढं मात्र राहिलं. अकरा वर्षं राहिलं.

आधी एक स्पष्ट करते, मागाहून गैरसमज नको. खाजगी शाळा बंद व्हाव्यात, खाजगी इस्पितळंही बंद व्हावीत — असं मी तेव्हा म्हणत होते आणि आजही म्हणते. पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, बघा, असली असतात ही तत्त्वाची माणसं. म्हणा. त्याने माझं म्हणणं खोटं पडत नाही. मी खोटी पडते, ती पडू दे.

मी शिकलेली बाई नाही. इथे तंजावरात आमच्या गल्लीच्या टोकाला कौलारू सरकारी शाळा आहे, तिथे पाचवीपर्यंत तमिळ शिकले आणि मग घरी बसवलं. मराठी घरात बोलायचो, पण लिहायला कोण शिकवणार? चाळिशी उलटल्यावर कुणीतरी एक अंकलिपी आणून दिली, तिच्यावर बोट फिरवून फिरवून देवनागरी शिकले. तुमच्याकडचे पाहुणे तंजावरला देऊळ बघायला येतात, आमची मराठी ऐकतात आणि तोंड लपवून हसतात. हसू देत. तर ती शाळा माझी. तिने दिलं तेवढंच माझ्याकडे आहे.

इस्पितळाचंही तेच. मुलगा सरकारी इस्पितळात झाला. एका खाटेवर दोघी बाळंतिणी, वर पंखा बंद. पण नर्सला हाक मारली की ती यायची, आणि नाही आली तर मी ओरडायची, मग यायची. नवरा आजारी पडला तेव्हा मुलाने त्याला खाजगीत नेलं. गार खोली, काचेचं दार, बाहेर मऊ सोफा. मी पेज घेऊन गेले तर दारावरचा माणूस अदबीने म्हणाला, बाहेरचं चालत नाही मॅडम. चार दिवस त्या सोफ्यावर बसले. पाचव्या दिवशी सहीला बोलावलं, तो गेला होता. कुणी वाईट वागलं नाही हो, उलट सगळे गोडच बोलले. पण तिथे मी गिऱ्हाईक होते, आणि गिऱ्हाइकाने फार तर काय करावं? दुसऱ्या दुकानात जावं. सरकारी खाटेवर निदान ती खाट माझी होती. कलेक्टरची बायको माझ्या शेजारच्या खाटेवर बाळंत होऊ दे, मग बघते पंखा किती दिवस बंद राहतो. ज्याचा आवाज वर पोचतो त्याला मागच्या दाराने बाहेर जाऊ दिलं, की आत राहिलेल्यांचं कोण ऐकणार?

हे सगळं खरं आहे. आणि हे सगळं मी आत्ता का सांगतेय? वेळ काढतेय. कळतंय मला.

सेल्वी आमच्यापासून दोन घरं सोडून राहते. मोठ्या कापडदुकानात साड्या दाखवायचं काम करते — सकाळपासून रात्रीपर्यंत उभी, बसलेलं चालत नाही, फोन आत लॉकरमध्ये ठेवावा लागतो. नवरा लॉरी चालवतो, गेला की महिना महिना येत नाही. मुलगी कयलविळी, तेव्हा सहा वर्षांची. आम्ही कयल म्हणतो.

त्या वर्षी शाळेत मुलं फार कमी झाली होती. दोनच टीचर. हेडटीचर मला म्हणाल्या, पहिलीला पाच तरी मुलं यायला हवीत, नाहीतर एका टीचरची दुसरीकडे बदली करतील. मग मी घरोघर फिरले. कुणी पाणी दिलं, कुणी दार उघडलं नाही. एकीने तर दारातच विचारलं, "तुमची नात कुठल्या शाळेत जाते, अम्मा?"

नात चेन्नईला. शाळेला पोहायचा तलाव आहे.

याबद्दल मी मुलाला एक अक्षर बोलले नाही. म्हणजे एकदा बोलले, अगदी हळू. तो हसून म्हणाला, "आई, तुझ्या शाळेत मी शिकलो ना, म्हणून तर तिला तिथे घालत नाही." मीही हसले. हसले आणि त्याच्या पानात आणखी एक डोसा वाढला. पोटच्या पोरापुढे माझं तत्त्व इतकंच होतं — एका डोशाएवढं. हे ध्यानात ठेवा. पुढे जे केलं ते ज्याच्यापुढे चाललं त्याच्यापुढे केलं.

चार मुलं जमली. पाचवी कोण? माझ्या मनात कयल होती. पण सेल्वीने मोठ्या रस्त्यावरच्या इंग्रजी शाळेत अर्ज भरला होता. गरिबांच्या मुलांसाठी तिथे काही जागा फुकट ठेवाव्या लागतात, कायदाच आहे तसा. अर्ज जास्त आले की चिठ्ठ्या टाकतात. चिठ्ठ्यांचा दिवस नेमका लग्नसराईत आला आणि दुकानाने सुटी दिली नाही. सेल्वी माझ्याकडे आली. "अम्मा, माझ्या जागी तुम्ही जा. तुमचा हात चांगला आहे."

माझा हात? मी विधवा बाई. तोवर सहा वर्षं मला कुणी हळदीकुंकवाला सोडाच, बारशालाही पुढे बसवलं नव्हतं. आणि ही म्हणते हात चांगला. तिने एक पिवळी कापडी पिशवी दिली, कुठल्याशा लग्नात मिळालेली, वर वधूवरांची नावं छापलेली. आत जन्माचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डाची झेरॉक्स, आणि कयलचे दोन फोटो — इतकी पावडर लावलेली की पोर ओळखू येत नव्हती.

मी गेले. रिक्षात बसले तेव्हा माझ्या मनात पाप नव्हतं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. खरंच नव्हतं का? आता माझा माझ्यावर भरवसा नाही.

शाळेचा मोठा हॉल. पुढे टेबलावर पाणी भरायची प्लास्टिकची घागर, तिच्यात चिठ्ठ्या. दोन रिबिनी बांधलेली एक मुलगी हात घालून चिठ्ठी काढायची आणि एक सर वाचायचे. त्यांनी आधीच सांगितलं, नाव तीनदा पुकारू, कुणी उठलं नाही तर चिठ्ठी बाजूला. आम्ही सगळे त्या घागरीकडे बघत बसलेलो. कुणी देवाचं नाव घेत होतं, कुणी पदर चावत होतं.

चौथी चिठ्ठी. कयलविळी. आईचं नाव सेल्वी.

मी ऐकलं. पहिल्याच वेळी स्वच्छ ऐकलं. आणि डोक्यात काय आलं सांगू? चार आणि एक पाच. एवढंच. दुसरं काही नाही — सेल्वी नाही, पोर नाही, देव नाही. सरांनी दुसऱ्यांदा पुकारलं. मी वाकले आणि चपलेचा पट्टा नीट करू लागले. पट्टा नीटच होता. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा मी खालीच बघत होते. पिशवी मांडीवर होती. तिच्यात ते सगळे दाखले होते.

पाचव्या चिठ्ठीला लुंगी नेसलेला एक माणूस उठला, "आहे, आहे" म्हणत पुढे गेला आणि खांद्यावरच्या पंच्याने डोळे पुसले. त्या माणसाला मी फार वापरलं. पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगायची — जागा वाया नाही गेली, तितक्याच गरिबाच्या पोराला मिळाली. मिळाली खरी. पण ती जागा माझी होती का वाटायला?

दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्वी दारात कोलम, आमची पिठाची रांगोळी, घालत होती. मी पिशवी परत दिली आणि म्हटलं, नाव लागलं नाही गं. तिच्या बोटांत पीठ तसंच राहिलं. मग ती म्हणाली, "असू दे अम्मा. माझ्यामुळे तुम्हाला उगीच उन्हात जावं लागलं." तिनेच माझी माफी मागितली, आणि मी मागू दिली.

जूनमध्ये शाळेला सीर न्यायचं ठरलं. लग्नात मामाकडून ताटं येतात ना वाजतगाजत, तसं इथे गावकरी सरकारी शाळेला ताटं घेऊन जातात — फळं, वह्या, घड्याळ, खुर्च्या. मीच आमच्या गल्लीत ते सुरू केलं. पुढे ताशा, मागे आम्ही बायका ताटं घेऊन, आणि मधे गळ्यात झेंडूचे हार घातलेली पहिलीची पाच मुलं. सेल्वीने अर्धा दिवस पगार कापून घेतला आणि तिची एकुलती रेशमी साडी नेसून आली. माझ्या हातात केळ्यांचं ताट होतं. ती माझ्या शेजारून चालत होती. सगळ्या गल्लीने माझं कौतुक केलं. ते मी घेतलं.

टीचरची बदली टळली, दोन वर्षं. मग ती झालीच. शाळा अजून चालू आहे, मोजकीच मुलं आहेत. कयल आता बारावीत. हसते, भांडते, जिन्यावरून उड्या मारत उतरते, गणितात घसरते. तिकडे गेली असती तर कोण झाली असती, मला माहीत नाही, कुणालाच कळायचं नाही. "बरं चाललंय पोरीचं" — या तीन शब्दांवर मी अकरा वर्षं काढली.

काढली असती पुढचीही. पण मधे एक झालं. कयलच्या पाठची मुलगी पहिलीच्या वयाला आली तेव्हा मी स्वतः जाऊन त्याच जागांचा अर्ज आणला. का आणला, तुम्ही ओळखा. सेल्वीने तो हातातसुद्धा घेतला नाही. "नको अम्मा. आमचं नाव लागत नाही." रडून नाही, चिडून नाही — आज भाजी नको म्हणावं तसं म्हणाली. तेव्हापासून मी बघतेय. सरकारी घराचा अर्ज ती भरत नाही. नवऱ्याच्या पाठीच्या दुखण्याला सरकारी विमा मिळतो, त्याचं कार्ड काढत नाही. आमचं नाव लागत नाही. आणि मी? मी तीच बाई, जी गल्लीत उभी राहून सांगते — मागा, ओरडा, तुमचा हक्क आहे. या गल्लीत एक बाई मागायची थांबली, ती मी थांबवली.

येत्या बुधवारी गल्लीतल्या पोरांनी चौकात सभा ठेवली आहे — शाळा आणि इस्पितळं सगळी सरकारने घ्यावीत म्हणून. पहिलं भाषण माझं. मी बोलणार आहे, आणि एक शब्दही कमी करणार नाही. काल सेल्वी फाटकाशी थांबून म्हणाली, "मी पहिल्या रांगेत बसणार, अम्मा."

हे मी मराठीत लिहिलंय. आमच्या गल्लीत देवनागरी वाचणारी मी एकटी. माझी नातसुद्धा मराठी ऐकते आणि उत्तर तमिळमध्ये देते. म्हणजे कबूल करतेय तेही कुलूप लावून. नाही का? भित्री ती भित्रीच.

सेल्वीची सुटी मंगळवारी असते. मंगळवारी तिच्या दारात जाऊन मी हे तमिळमध्ये सांगणार आहे. चिठ्ठीपासून सगळं, चपलेच्या पट्ट्यासकट. माफी मागणार नाही, कारण मागितली तर ती देईल. ती तशीच आहे. ऐकून ती दार लावेल, की बुधवारी सभेत उठून सगळ्यांपुढे मला विचारेल, की कयलला हाक मारून सांगेल — तिचं ती बघेल. तिच्यासाठी मी एकदा ठरवलं, तेवढं पुरे.