विरजण देणारी ट्रेटर

शिमगा आठवड्यावर आला होता, तेव्हा वाडीच्या फोनवरच्या ग्रुपवर वाडीतल्या मुंबईकरांच्या मंडळातल्या कुणीतरी एकच शब्द टाकला, 'ट्रेटर'. तो माझ्या आईसाठी होता. आमची वाडी पोलादपूरच्या वर डोंगरात. मी महाडला शाळेत इंग्रजी शिकवतो.

झालं होतं एवढंच, की शेजारच्या काकूंनी बांधाचं भांडण गावकीला न विचारता पोलिसांत नेलं. तेव्हापासून त्यांच्याशी कुणी बोलत नाही. वाळीत टाकणं गुन्हा आहे हे सगळ्यांना पाठ, म्हणून तो शब्द कुणी तोंडातून काढत नाही. नुसती दारं लागतात. आईने त्यांना वाटीत विरजण दिलं आणि ते कुणीतरी पाहिलं.

रविवारी सकाळी देवळात बैठक बसली, मीही गावी आलो होतो. गावकीच्या अध्यक्षांनी मला त्या शब्दाचा अर्थ विचारला. मास्तरकीची खोड वाईट. अर्थ विचारला की मी उगमापर्यंत जातो. म्हटलं, शब्द मुळात लॅटिनमधला, आणि त्याच्या मुळाशी 'हवाली करणे' एवढंच आहे. विश्वासाने जवळ आलेला आपला माणूस जो शत्रूच्या हवाली करतो, तो ट्रेटर. चमचाभर दह्याला हा शब्द लावणाऱ्याला मी पाचवीतही पास करणार नाही. कुणी हसलं नाही.

मागे बायकांत बसलेली आई उठली. "मी विरजण दिलं. मानूस कोनाच्या हवाली केला, सांगा."

सगळे सोयरे, सगळे खाली बघत बसलेले. अध्यक्ष उठून माझ्याजवळ आले, मायेने खांद्यावर हात ठेवला.

"शब्द कळला रे. तू महाडला असतोस. आई घरात एकटीच असते, नाय?"

माणसं उठून गेली तरी तो हात खांद्यावर असल्यासारखा वाटत होता.

घरी येऊन मी आईला म्हटलं, दोन लुगडी घे आणि दुपारच्या एसटीने चल. रागावलो, शेवटी हात जोडले. ती चुलीपुढून हलली नाही.

"मी गेले तर ती बाय बोलंल कोनाशी?"

दुसऱ्या दिवशी शाळा होती. थांब्यावर वाडीतलीच चार माणसं बसली होती. एसटीत चढताना मी "येतो" म्हटलं. कुणी मान वर केली नाही.