गिअर डावीकडे घेतला

आमच्या घराण्यात बी.कॉम. झालेला पहिला मी. हे मी आजही छाती फुगवून सांगतो. पण या शिकलेल्या माणसाला घरातलं एक साधं दिसलं नाही, तेही सांगायला हवं.

नव्वद सालानंतर कापड रंगवायच्या प्रोसेस हाऊसच्या ऑफिसात नोकरी लागली आणि मी एका पारशी म्हाताऱ्याकडून जुनी विलायती मोटरसायकल घेतली. असल्या गाडीचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्याला. आमच्या लिंबायतच्या गल्लीत मी गिअर समजून ब्रेक दाबायचो आणि गाडी जागीच आचके द्यायची.

वडील लूमवर कापड विणायचे. धाग्याचा जड बीम पडून त्यांचा डावा घोटा आखडला होता; पाय खाली दाबता येई, पंजा वर उचलता येत नसे. इथल्या बहुतेक गाड्यांचा गिअर डाव्या पंजाने वर उचलावा लागतो, म्हणून इथली मोटरसायकल त्यांना कधी जमली नाही. ही जमली, डाव्या पायाने नुसता ब्रेक दाबायचा. दर रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून ते नवागामला आत्याकडे जात, येताना चहाच्या टपरीवर मुद्दाम थांबत. लोकांनी बघावं म्हणून.

ऑफिसातले मला विचारत, "शेठ, गाडी उलटी आहे का तुम्ही?" शेवटी मी भेस्तानच्या मिस्त्रीकडे गाडी टाकली. गिअर डावीकडे घे म्हटलं. त्याने पाना हातात घेऊन विचारलं, "घरमां बीजुं कोई चलावे छे?"

"नाही, दुसरं कोणी चालवत नाही," मी म्हणालो. खोटं बोलायचं नव्हतं. आठवलंच नाही.

गाडी घरी आणली तेव्हा वडिलांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली. "भाऊ, तू शिकेल शे, तुले जास्त समजस," एवढंच बोलले. टोमणा नव्हता. ते आत गेल्यावर आई म्हणाली, "त्यासना डावा पाय वर व्हस का रे?"

मिस्त्रीने जुनी पेडलं कागदात बांधून दिली होती. परत बसवता आली असती. मी पुढचा रविवार, पुढचा रविवार करत राहिलो, कारण आता गाडी मला सोपी जात होती. वडील शेअर रिक्षाने जाऊ लागले.

एका रविवारी मीच त्यांना मागे बसवून निघालो. डिंडोलीच्या रस्त्याला रिक्षा आडवी आली. मी ब्रेक मारायच्या आत त्यांचा डावा पाय मागच्या फुटरेस्टवर जोरात दाबला गेला, गुडघा माझ्या मांडीला लागला. आत्याचं घर येईपर्यंत तो पाय तसाच दाबलेला होता.