भिंतींना उत्तरं देणारा

निवडणुकीच्या आधी चारठाण्याहून परभणीला जाताना तो एसटीत माझ्या शेजारी बसला होता. भिंतींवर रंगवलेली प्रत्येक घोषणा मोठ्यानं वाचून तो निकाल देत होता. आपल्या पक्षाची असली की "बराबर", दुसऱ्याची असली की "साफ झूट" आणि वर एक पिंक. खिडकी त्याच्याकडं होती, एवढंच माझं नशीब.

झरीत नुकताच चुना दिलेल्या एका घरावर त्या दुसऱ्याच पक्षाची हातभर अक्षरं दिसली. ती न वाचताच तो उतरायला उठला.

"ह्याला काय म्हणाल?" मी विचारलं.

"घर माझंच हाय. पोरीचं लगीन आलंय, अन् चुना त्यायनीच फुकट दिला," तो म्हणाला. "लिवलंय ते झूटच हाय. पण चुना खरा हाय."